मुरुम

करार अकरा महिन्यांचा. बेसा, पहिला मजला.
बारापात्रे काकूंनी तीन किल्ल्या हातात दिल्या,
चौथी दाखवून परत कमरेला खोचली:
"थे कपाट उघडजो नोको, लेकीचं सामान हाय त्यात."
भिंतीत आधीच्या भाडेकरूंचे चौदा खिळे.
नवा ठोकायचा नाही.
एकावर वेदराजचं मिहानचं ओळखपत्र
(दिवसभर तो विमानांची पोटं उघडून बसतो),
एकावर युवनाची पोहायची पिशवी, कोरडी,
बाकीच्यांवर काय टांगावं
ते अजून कंटेनरमध्ये आहे, कंटेनर मुंबईला.

पोलिसांच्या फॉर्मवर
राष्ट्रीयत्व: मॉरिशस.
मातृभाषा:
इथं मी थांबले.
भांडतो आम्ही क्रिओलमध्ये,
बँकेत इंग्रजी, डॉक्टरकडे फ्रेंच,
मराठी फक्त आरतीला आणि बाराव्याला.
हवालदार म्हणाला, "लिहा न मराठी,
बोलून तर राहिल्या तुम्ही."
लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं आलं, गोल गोल.

माझी मराठी पुस्तकातली आहे.
मी "कृपया" म्हणते
आणि भाजीवाला दोन मिरच्या जास्त घालतो, हसत.

"म्हणजे परतच आल्या तुम्ही," समोरच्या फुलझेले मॅडम.
आजोबांचे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीत चढले,
नागपूर त्यांनी ऐकलंही नसेल.
परत कशी येईन मी
जिथून आमच्यातलं कुणी गेलंच नाही?
पण चहा चांगला होता, आणि त्यांना बरं वाटत होतं,
मी हो म्हटलं.

तेजस आठ वर्षांचा. त्याच्या माहितीत
प्रत्येक रस्ता शेवटी समुद्राला लागतो.
ऑटोवाल्याला विचारतो, हा कुठे संपतो?
"संपत नाही न बेटा, वर्ध्याले जाते."
"मग तिथे?"
"तिथूनबी जाते."
त्या रात्री तो उशिरा झोपला.
युवना म्हणते, कूलर समुद्रासारखा वाजतो.
मला कूलरसारखाच वाजतो.
बादलीनं पाणी मीच भरते ना त्यात.

एप्रिलात तेजसला ताप आला.
आईचा फोन: ब्रेद-मुरुम उकळून दे, लसूण घाल, दुसरं काही नको.
मी खाली गेले.
"काकू, थोडा मुरुम मिळेल? उकळायचाय."
काकूंनी धान्याचं सूप बाजूला ठेवलं.
"मुरूम? काहून बाप्पा?
टोपलंभर पाह्यजे का ट्रकभर?"
आणि बोट दाखवलं फाटकाबाहेर,
नव्या रस्त्यासाठी पडलेल्या लालसर ढिगाकडे,
त्यावर एक कुत्रा झोपलेला.

नाही, नाही. पाला.
विजेच्या बिलामागे मी काढून दाखवला,
बारीक गोल पानं, एका काडीला कितीतरी.
काकूंनी चष्मा वर केला, खाली केला,
माझं मनगट धरून मला घरामागं नेलं,
पाण्याच्या टाकीपाशी.
"हा? हा त मुनगा हाय!
शेंगा खातो आम्ही. पाला बकरीले."
मी पानं डोळ्यांजवळ नेली.
तीच.
आईच्या परसातली, तीच, धुळीनं जरा राखाडी.

संध्याकाळी काकू वर आल्या, बकरीचं खाणं बघायला.
उभ्याउभ्याच वाटी तोंडाला लावली.
"मीठ कमी हाय," म्हणाल्या,
आणि वाटी पुन्हा पुढे केली.
जाताना जिन्यातून: "पाला तोडत जाजो.
फांदी मोडजो नोको.
करारात लिहायचं राहून गेलं थे."

ताप उतरल्यावर तेजसनं आजीला फोनवर सांगितलं
की इथे मुरुम रस्त्यात घालतात,
त्याच्यावरून रोलर जातो, मोठा, पिवळा.
पलीकडे बराच वेळ आवाज नाही.
मग आई म्हणाली,
"मग तुम्ही खाता काय?"
"मुनगा," तो म्हणाला,
आणि स्पेलिंग सांगायला लागला.